सोलापूरच्या घरातून न्यूट्रिनोच्या प्रयोगशाळेत

जून २०१९ मध्ये मला पीएच.डी.च्या प्रवेशाचे पत्र आले, तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो फीचा. अण्णा सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर आहेत, आणि माझ्या एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांची फी त्यांनी मालकाकडून उचल घेऊन भरली होती. त्यामुळे आणखी पाच वर्षे शिकायचे म्हणजे आणखी पाच वर्षांची उचल, हा त्यांचा हिशोब अगदी सरळ होता. पत्रात मात्र याच्या उलट लिहिलेले होते: पहिली दोन वर्षे कनिष्ठ संशोधक म्हणून दरमहा ३१,००० रुपये, त्यानंतर कामाचा आढावा घेऊन वरिष्ठ संशोधक म्हणून ३५,००० रुपये, आणि राहण्यासाठी वसतिगृह. अण्णांनी मला तो मजकूर दोनदा वाचायला लावला आणि मग विचारले, "शिकवणारेच पैसे देणार?" मी म्हणाले, "शिकवण्याचे नाहीत अण्णा, काम करून घेतील त्याचे."

हे उत्तर मला त्या दिवशी सुचले असले तरी त्याचा पूर्ण अर्थ कळायला पुढची पाच वर्षे लागली. आमच्या शहरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण पुढे संशोधनाकडे वळत नाहीत, आणि त्यामागे बुद्धीची उणीव नसून घरात आता कमावते माणूस हवे हे कारण असते. पीएच.डी. म्हणजे घरच्या पैशावर करायची लांबलचक हौस, अशी समजूत माझ्याही घरी होती. ती खोटी आहे हे कुणी तरी आतल्या तपशिलासह सांगायला हवे, म्हणून हे लिहीत आहे.

न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेला आणि बहुतेक वेळा पदार्थातून आरपार निघून जाणारा अतिशय हलका कण, हा विषय मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी भेटला. कणभौतिकी शिकवणाऱ्या सरांनी एका तासाला कोलारच्या सोन्याच्या खाणीची हकीकत सांगितली. १९६५ साली, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि जपान व इंग्लंडमधील संशोधकांनी मिळून वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची खूण पहिल्यांदा टिपली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत दुसऱ्या गटानेही ती टिपली. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली, तेव्हा तो कधी सापडेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी या संख्येने आरपार जातात, आणि तरीही त्यांतले मोजके पकडायचे तर सहसा शेकडो-हजारो टन वजनाचे उपकरण लागते. जिथून आमच्याकडे गाड्या येतात-जातात त्या कर्नाटकातच हे घडले, आणि मला ते वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, याची मला मनापासून खंत वाटली.

प्रवेशाची वाट परीक्षांमधून जाते. जून २०१८ मध्ये मी सीएसआयआर-यूजीसी नेट ही अध्यापनाची पात्रता आणि संशोधनाची फेलोशिप (विद्यावेतन) ठरवणारी राष्ट्रीय परीक्षा दिली. सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने आदल्या दिवशी गेले आणि मावशीकडे उतरले. त्या परीक्षेत मी अध्यापनासाठी पात्र ठरले, पण फेलोशिपसाठी जे गुण लागतात त्यांच्या खाली राहिले. हा भेद घरी समजावणे अवघड गेले, कारण उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हातात होते आणि तरीही पैसे मिळणार नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी जेस्ट ही परीक्षा दिली. अणुऊर्जा विभागाच्या अनेक संशोधन संस्था आणि इतरही काही संस्था या परीक्षेतील क्रमांकावरून उमेदवारांना मुलाखतीला बोलावतात, आणि निवड झाल्यास फेलोशिप संस्थाच देते, हे मला सरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हते. त्या वर्षी मला दोन संस्थांकडून बोलावणे आले.

पहिली मुलाखत मी गमावली, आणि ती का गमावली हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. मी तयारी केली होती ती इतिहासाची आणि सूत्रांची. १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांदे प्रयोगाने वातावरणीय न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात हे दाखवले, त्यानंतर कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने सौर न्यूट्रिनोंबाबत तेच सिद्ध केले, आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना मिळाले, हे मी न अडखळता सांगितले. दोन प्रकारांच्या न्यूट्रिनोंसाठी रूपांतराची संभाव्यता फळ्यावर मांडली. मग समितीतील एका बाईंनी शांतपणे विचारले, "डिटेक्टरमधून तुमच्या हाती नेमके काय येते?" मी उत्तरले, "न्यूट्रिनो." त्यांनी आणखी एकदा संधी दिली, पण माझ्याजवळ दुसरे उत्तर नव्हते. न्यूट्रिनो कधीच हाती येत नाही. तो एखाद्या अणुकेंद्रकाशी आदळला तर त्यातून जे विद्युतभारित कण निघतात त्यांचा माग तेवढा उमटतो, आणि त्या मागावरून आलेल्या न्यूट्रिनोची दिशा व ऊर्जा उलटी काढावी लागते. परतीच्या रात्रीच्या गाडीत मला हे उत्तर सुचले, आणि दोन वर्षे वाचलेल्या विषयात मोजमाप कुठे असते हेच मी पाहिले नव्हते हे लक्षात आले.

दुसरी मुलाखत बारा दिवसांनी होती. या बारा दिवसांत मी नवीन पुस्तक उघडले नाही. एम.एस्सी.ची प्रयोगवही काढली आणि त्यातला गायगर-म्युलर काउंटरचा, म्हणजे किरणोत्सारातले कण मोजणाऱ्या उपकरणाचा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून वाचला. प्रयोगशाळेत आम्हाला कोणताही किरणोत्सारी स्रोत न ठेवता शंभर-शंभर सेकंदांची पार्श्वगणना दहा वेळा घ्यायला सांगितले होते, आणि दहाही वेळा आकडा वेगळा आला होता. वर्गातील बहुतेकांनी ते आकडे एकमेकांच्या जवळ आणून लिहिले होते, कारण वेगळे आकडे म्हणजे हातून झालेली चूक असे सगळ्यांना वाटे. मी आळस म्हणा की हट्ट म्हणा, आले तसेच लिहिले होते, आणि सरांनी त्या पानावर लाल शाईने "बरोबर" असे लिहून खाली वर्गमुळाचे चिन्ह काढले होते. तेव्हा ते कशाला, हे मी विचारले नव्हते.

दुसऱ्या मुलाखतीत समितीने तोच प्रयोग विचारला. स्रोत ठेवून चारशे गणना आल्या तर त्यातली अनिश्चितता किती? चारशेचे वर्गमूळ वीस, म्हणजे पाच टक्के. ती निम्मी करायची तर? चौपट वेळ मोजावे लागेल. तितक्याच वेळेत पार्श्वगणना शंभर असेल तर स्रोताची खरी गणना किती? तीनशे, पण तिची अनिश्चितता तीनशेचे वर्गमूळ नाही, तर चारशे आणि शंभर यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे बावीस. मग त्यांनी तळहात पुढे करायला सांगून विचारले की, यातून दर मिनिटाला किती म्यूऑन, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण, जात असतील. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो एवढे मला ठाऊक होते, म्हणून तळहात शंभर चौरस सेंटीमीटर धरून शंभर असे सांगितले. "मग दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पत्र्यातून दर सेकंदाला?" फळ्यावर हिशोब केला तेव्हा साडेसहाशेच्या वर आकडा आला, आणि या म्यूऑनच्या गर्दीत न्यूट्रिनोची खूण हरवू नये म्हणून त्याचा प्रयोग डोंगराच्या पोटात करावा लागतो, हे मी कुणी न विचारताच बोलून गेले. सूत्रे त्या दिवशी कुणी विचारली नाहीत.

समितीने शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली, तिचे मला आजही मोल वाटते. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली होती, परंतु पर्यावरणविषयक परवानग्या, न्यायालयीन प्रक्रिया आणि स्थानिक विरोध यांमुळे काम सुरू झालेले नव्हते. तिथे ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे, ५.६ सेंटीमीटर जाडीच्या १५१ थरांचे उपकरण बसवायचे असे नियोजन होते. "तुमच्या पीएच.डी.च्या काळात ते उभे राहील असे गृहीत धरू नका," असे समितीने बजावले. मदुराईला त्याची ८५ टनांची लहान प्रतिकृती चालू झाली होती, आणि विद्यार्थ्यांचे काम प्रामुख्याने शोधक कक्षांवर (कणांचा माग टिपणाऱ्या काचेच्या कक्षांवर), म्यूऑनच्या मापनावर आणि संगणकीय अनुकरणावर (सिम्युलेशनवर) असणार होते. ज्यांना न्यूट्रिनोवर पीएच.डी. करायची आहे त्यांनी प्रवेशापूर्वी हा प्रश्न प्रत्येक संस्थेला विचारावा असे मला वाटते: आत्ता चालू असलेले कोणते उपकरण माझ्या हाताला लागेल? आमच्या गटाने मला याचे खरे उत्तर दिले, आणि प्रबंध सादर करीपर्यंत वेधशाळेचे बांधकाम सुरू झालेले नसतानाही माझे काम अडले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी रुजू झाले. पहिल्या चार महिन्यांत मात्र फेलोशिपचा एक रुपयाही आला नाही, कारण माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी, आणि बँकेच्या खात्यावर वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षराने होते. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, स्थलांतर प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला हे सगळे जुळेपर्यंत दिवाळी उलटून गेली. तेवढे दिवस आईने भिशी उचलून मला पैसे पाठवले. जो कुणी अर्ज करणार असेल त्याने एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच आपली सगळी कागदपत्रे एका ओळीत मांडून नावाचे स्पेलिंग तपासून घ्यावे. थकीत रक्कम डिसेंबरमध्ये एकत्र आली, तेव्हा आईची भिशी फिटली आणि अण्णांच्या उचलीतला मोठा हिस्साही फिटला.

पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे होते आणि ते कष्टाचे होते, पण त्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळा बंद झाली आणि टाळेबंदी जाहीर होण्याच्या काही दिवस आधी मी रात्रीच्या गाडीने सोलापूरला आले.

आमची गल्ली मला जन्मापासून यंत्रमागांच्या खडखडाटासकट आठवते. रात्री झोप लागते ती त्या आवाजात. त्या एप्रिलमध्ये गल्लीत आवाज नव्हता. कारखाने बंद, म्हणून अण्णांची मजुरी बंद. आई घरी टॉवेलला शिलाई मारायची तेही बंद, कारण शिवायला माल येत नव्हता. घरात येणारी एकमेव रक्कम माझी फेलोशिप होती. ३१,००० रुपये महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा होत, त्यातून किराणा, भाडे, धाकट्या भावाची फी आणि आजीची औषधे निघत. ज्या पैशाबद्दल अण्णांनी अविश्वासाने विचारले होते त्याच पैशावर आमचे घर साडेतीन महिने चालले. विद्यावेतन ही मदत किंवा बक्षीस आहे असे कुणी म्हणते तेव्हा मला ते दिवस आठवतात. तो कामाचा मोबदला आहे, आणि आमच्यासारख्या घरातील मुलीला संशोधनात टिकून राहता येईल की नाही हे त्याच्या वेळेवर येण्यावर ठरते.

काम मी घरूनच करत होते. मोबाइलचे हॉटस्पॉट लावून संस्थेच्या संगणकांवर प्रवेश घ्यायचा आणि जीअँट-४ ही प्रणाली वापरून लोखंडाच्या थरांमधून जाणाऱ्या म्यूऑनचे अनुकरण चालवायचे. उभा येणारा म्यूऑन ५.६ सेंटीमीटरच्या एका थरात साधारण साडेसहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गमावतो, त्यामुळे तो किती थर पार करून थांबला यावरून त्याची ऊर्जा कळते. आणि चुंबकीय क्षेत्रात धन म्यूऑन एका बाजूला व ऋण म्यूऑन दुसऱ्या बाजूला वळतो, म्हणून आलेला न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो हे सांगता येते. या दोहोंचे पृथ्वीच्या पोटातून येताना होणारे रूपांतर वेगवेगळे असते, आणि त्या फरकावरून न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा चढता क्रम कोणता हे ठरवायचे, हा त्या मोठ्या उपकरणाचा मुख्य हेतू होता.

एका दुपारी मी वहीत शोधक कक्षाची आकृती काढत होते. काचेच्या पत्र्याच्या वर तीन सेंटीमीटर रुंदीच्या तांब्याच्या उभ्या पट्ट्या असतात आणि खाली तशाच आडव्या पट्ट्या. म्यूऑन गेला की एक उभी आणि एक आडवी पट्टी एकाच वेळी संकेत देते, आणि त्यांच्या छेदावरून जागा कळते. अण्णा शेजारी येऊन बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर कापडच झालं. डाग कुठं आहे ते उभा धागा कितवा आणि आडवा कितवा यावरनं आम्ही पण सांगतो." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "एकाच वेळी दोन ठिकाणी झालं तर? दोन उभे, दोन आडवे. चार जागा होतील. खऱ्या दोन कुठल्या?"

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न विचारला गेला असता तर मी अडखळले असते. आमच्या क्षेत्रात या खोट्या छेदांना भुताचे ठोके म्हणतात. ते वेगळे काढण्यासाठी प्रत्येक पट्टीच्या संकेताची वेळ एका नॅनोसेकंदाच्या आसपासच्या अचूकतेने मोजतात आणि वरच्या-खालच्या थरांतील मागाशी जो छेद जुळतो तो खरा धरतात. मी हे अण्णांना सांगितले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे एका थानावरनं नाही कळत, पुढची मागची थानं लावून बघायला लागतात." पुढे प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण मी याच विषयावर लिहिले.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्रयोगशाळेत परतल्यावर हाताचे काम सुरू झाले. आमचा कक्ष म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, त्यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट, फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून चिकटवलेली छोटी बटणे, काचांना बाहेरून विद्युतवाहक रंगाचा लेप, आणि फटीत वाहता वायू. त्यात पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक आर-१३४ए असतो, म्हणजे गाडीच्या वातानुकूलनातला वायू. साडेचार टक्के आयसोब्युटेन आणि अगदी थोडा सल्फर हेक्झाफ्लोराइड. दोन काचांमध्ये सुमारे दहा हजार व्होल्टचा विद्युतदाब द्यावा लागतो.

दुसऱ्या पावसाळ्यात मी स्वतः जोडलेल्या एका कक्षातला विद्युतप्रवाह हळूहळू वाढू लागला. मी दोन आठवडे इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष शोधत राहिले, बोर्ड बदलले, तारा बदलल्या. अखेर मार्गदर्शकांनी दाबमापक लावून वायूची गळती तपासायला सांगितली, तेव्हा नळीच्या तोंडाशी मी भरलेल्या गोंदात केसाएवढी भेग सापडली. तिथून दमट हवा आत जात होती. बाष्प आणि फ्लोरिनयुक्त वायू यांच्यापासून विद्युत विसर्गात हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि ते काचेलाच खाते. तो कक्ष वाचला नाही. त्यानंतर प्रत्येक जोड भरल्यावर चोवीस तास दाब टिकतो की नाही हे पाहिल्याशिवाय मी एकही कक्ष पुढे पाठवला नाही, आणि त्या नोंदी वहीत वेळेसह आल्या तशाच लिहिल्या.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आढावा होऊन मी वरिष्ठ संशोधक झाले. २०२३ मध्ये देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर फेलोशिपच्या रकमा वाढल्या, कनिष्ठांसाठी ३७,००० आणि वरिष्ठांसाठी ४२,०००, आणि १ जानेवारीपासूनचा फरकही मिळाला. त्या फरकाच्या रकमेतून आईला नवीन शिलाई मशीन घेतले.

फेलोशिपची पाच वर्षे जुलै २०२४ मध्ये संपली, तेव्हा प्रबंधाची दोन प्रकरणे बाकी होती. प्रबंध नोव्हेंबरमध्ये सादर झाला. मधले चार महिने आणि त्यानंतर परीक्षकांचे अहवाल येईपर्यंतचा काळ कोणत्याही वेतनाचा नसतो, आणि याची कल्पना प्रवेशाच्या वेळी कुणी देत नाही. शेवटच्या वर्षात दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवणे हाच त्यावर मला सापडलेला उपाय आहे. मी तो उशिरा सुरू केला. म्हणून सध्या मी सोलापुरातच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांचे तास घेते. एका परीक्षकांचा अहवाल आला आहे, दुसऱ्यांचा यायचा आहे. पुढच्या संशोधनासाठी तीन ठिकाणी अर्ज केले आहेत, आणि तिन्ही ठिकाणी चालू असलेली उपकरणे कोणती हे आधी विचारून घेतले आहे.